अजून लहान घ्या, अक्का

अक्का, तुम्ही बसलेल्या होतात.

आमच्या लोहा गावाकडं माणूस गेलं की आडवं ठेवतात. डोळे मिटलेले, तोंड आढ्याकडं. ते आपल्याकडं बघत नाही, तेवढी एक सोय असते. उदगीरला तुमच्या दाराशी रिक्षातून उतरलो तर समोर लाकडी मखरात तुम्ही मांडी घालून बसलेल्या. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार, मान किंचित पुढं झुकलेली. लॅबमध्ये पडद्यावर उत्तर उमटायची वाट बघत बसायच्या, अगदी तशा. मला वाटलं, आता मान वर करणार आणि म्हणणार, "काय वो सर, उशीर केलात."

उशीर केलाच मी. त्याबद्दलच लिहितो आहे.

शेताच्या कडेला खड्डा खणला होता. त्यातल्या कोनाड्यात, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं, तुम्हाला बसवलं. स्वामींनी तुमच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. लोक एकेक करून बेलाचं पान टाकत होते. माझ्याही हातात कुणीतरी पान दिलं. ते टाकताना एक वाक्य म्हणायचं ठरवून आलो होतो; लातूरहून निघाल्यापासून गाडीत तेच घोकत होतो. पान पडलं, वाक्य राहिलं. मागचा माणूस म्हणाला, "सरका की पुढं," आणि मी सरकलो.

आता संस्थेच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा म्हणून प्राचार्यांचा निरोप आला. "तुम्ही त्यांचे विभागप्रमुख होतात, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" तुमचं शिक्षण, तुमची सेवा, तुमचे पुरस्कार हे सगळं दुसऱ्यांनी लिहिलंय, फोटोसकट. मला ते जमायचं नाही. मी ते खड्ड्याकाठी राहिलेलं वाक्यच बोलून घेणार आहे. ते वाक्य ज्या पालकसभेबद्दल आहे, तिला बसलेल्यांपैकी बरेच जण हा अंक वाचतील. वाचू द्या. म्हणून तर इथं लिहितो आहे.

आपण लातूरच्या कॉलेजात स्टाफरूममधल्या एकाच टेबलाच्या दोन कडांना बसलो आणि बसल्या बसल्या भांडलो. "लातूरला पोरगं पाठवतात ते मार्क आणायला, गणित शिकायला नव्हे," हे माझं नेहमीचं. त्यावर तुमचं, "मंग मार्क तुम्ही आणा, गणित मी शिकवते. काम वाटून घेऊ." कुठल्याशा शिबिराहून तुम्ही पेन ड्राइव्हमध्ये ते फुकटचं गणिताचं सॉफ्टवेअर घेऊन आलात, ऑफिसनं टाकून दिलेले कॉम्प्युटर पुसून मांडलेत, आणि आठवड्यातले काही तास लॅबला मिळावेत म्हणून माझ्यामागं लागलात. मी दिले. खुशीनं नव्हे. तुम्ही रोज सकाळी चहाच्या वेळी तोच विषय काढायच्या, म्हणून दिले.

तुमची एक रीत होती. एंटर दाबायच्या आधी सगळ्या वर्गाला डोळे मिटायला लावायच्या. "ग्राफ कसा येईल ते बोटानं हवेत काढा." मी एकदा व्हरांड्यातून जाताना पाहिलं. सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला, बोटं वर, कुणी डोंगर काढतोय, कुणी दरी, एकजण शेजाऱ्याच्या कानातच बोट घालून राहिला होता. मग तुम्ही एंटर दाबलंत, पोरांनी डोळे उघडले, आणि जो गलका झाला तसा माझ्या फळ्यावरच्या आकृत्यांना आयुष्यात कधी झाला नाही. चुकलेल्यांचाच आवाज मोठा. तुम्ही त्यांच्याकडंच जायच्या. "बरोबर आलेल्यांनी गप बसा. तू सांग रे, तुझं बोट इकडं का वळलं?"

मी म्हणायचो, अक्का, परीक्षेच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर नेऊ देणार आहेत का? तुम्ही म्हणायच्या, "परीक्षा तीन तासांची हो सर. त्याच्यानंतर पोरगं जगतंय की न्हाई?"

एक भांडण मात्र तुम्हाला पूर्ण कळलं नाही. इंटिग्रेशनचं उत्तर देताना ते सॉफ्टवेअर शेवटचा स्थिरांक लिहीत नसे, तो C. तुमची पोरंही तो विसरायला लागली. मी चाचणीत सपासप मार्क कापले आणि गठ्ठा तुमच्यासमोर आपटला. "बघा तुमच्या मशीनचे प्रताप." तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पेपर चाळलेत. "व्हय की. खाऊन टाकलंय मशीननं. पण सर, तुमच्या वर्गातली पोरं C लिहितात ती का लिहितात, ते विचारलंत का एखाद्याला?" मी तिरीमिरीत वर्गावर गेलो आणि विचारलं. पहिल्या बाकावरचा सगळ्यात हुशार मुलगा उभा राहिला. "अर्धा मार्क जातो म्हणून, सर." हे मी परत येऊन तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही संध्याकाळी विचारलंतसुद्धा, "काय म्हणाली पोरं?" मी म्हणालो, घाईत होतो, राहून गेलं.

त्याच वर्षी माझा ऋषी बारावीला होता, तुमच्या तुकडीत. माझ्याकडून गणित शिकताना तो नखं खायचा. मी समजावायला बसलो की त्याची आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायची, मला थांबवायला. तुमच्याकडं जायला लागल्यावर त्याची नखं वाढली. जेवताना खरकट्या हातानं तो हवेत ग्राफ काढायचा. "अक्का म्हणाल्या…" इथून त्याचं बोलणं सुरू व्हायचं. माझ्याच ताटासमोर बसून माझा मुलगा तुमचं गणित बोलत होता. ज्यासाठी तुमचे पाय धरायला हवे होते, त्यानंच मला आतून पोखरलं. बाहेरून मी म्हणत राहिलो की मला पोरांच्या निकालाची काळजी आहे.

रविवारची दुपार होती. घरच्या कॉम्प्युटरवर तो तुमचा अभ्यास करत होता. "बाबा, इकडं या ना. हे बघा काय होतंय." एकातून x चा कोसाइन वजा करायचा आणि राहील त्याला x च्या वर्गानं भागायचं, x शून्याच्या जवळ नेला की उत्तर अर्ध्याच्या जवळ जातं. हे आपण दोघांनी जन्मभर शिकवलं. ऋषी x लहान लहान करत गेला होता. उत्तर ०.४९९, मग ०.४९९९९, आणि मग एकदम शून्य.

मला बघताक्षणी कळलं. x फारच लहान झाला की कोसाइन एकाच्या इतका जवळ जातो की मशीनला दोघांतला फरक दिसतच नाही. ठरावीक आकड्यांपुढचं ते ठेवूच शकत नाही. ते म्हणतं, हा एकच. एकातून एक गेला, शून्य. त्याला कशानंही भागा. मी ऋषीला हे कागदावर समजावलं, आणि कितीतरी दिवसांनी माझा मुलगा माझ्याकडं नवलानं बघत राहिला. "भारीच की! अक्कांना सांगू का?" मी म्हणालो, "राहू दे, मीच सांगतो. उद्या भेटणारच आहे."

सांगितलं नाही. आधी राहून गेलं. मग राहू दिलं.

पुढच्याच आठवड्यात पालकांची सभा होती. लॅबचे तास ठेवायचे की ते टेस्ट सिरीजला द्यायचे, हे त्या दिवशी ठरणार होतं. मी ऑफिसला आधीच लिहून दिलं होतं की विभागप्रमुख म्हणून मला तास परत हवेत. तुम्ही म्हणालात, "ठरवा की. पण आधी एकदा बघू तर द्या सगळ्यांना." सभागृह भरलं. संस्थेचे अध्यक्ष पुढच्या रांगेत, मी तिसऱ्या रांगेत कडेला, पोरं मागं उभी. तुम्ही त्या पालकांना, शेतकऱ्यांना, दुकानदारांना, बायकांना डोळे मिटायला लावलंत. सुरुवातीला खिदळले सगळे. मग सगळ्यांची बोटं वर गेली. अध्यक्षांचंही गेलं. मी तुम्हाला खरं सांगतो अक्का, त्या क्षणी तुम्ही जिंकल्या होतात. तास तुमचेच होते.

आणि मग तुम्ही तेच गणित काढलंत.

तुम्ही x लहान करत चालल्या होतात. ०.४९९. ०.४९९९९. "बघा, अर्ध्याकडं चाललंय का न्हाई?" म्हणत तुम्ही थांबलात आणि लोकांकडं वळलात. थांबायची जागा बरोबर होती. लोक माना डोलवत होते. मी वाट बघितली, की दुसरं कुणीतरी "अजून" म्हणेल. कुणी म्हणेना.

मग मी म्हणालो, "अजून लहान घ्या, अक्का."

आवाज कसा होता माझा? आपलेपणाचा. उत्साह देणाऱ्या सहकाऱ्याचा. तुम्ही हसून मान हलवलीत, "सर म्हणतात तर घेऊ," आणि दशांश चिन्हापुढं शून्यांची रांग लावून एंटर दाबलंत.

भिंतीवर शून्य आलं. एवढं मोठं.

कापडाच्या दुकानवाले एक पालक होते, ते ओरडले, "ओ मॅडम, अर्धा म्हणत होतात, ह्ये तर समदंच गेलं की!" सभागृह हसलं. तुम्ही पुन्हा आकडा टाकलात, पुन्हा शून्य. तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात, परत घातलात. आणि मग जे म्हणालात ते लातुरात कुठल्या मास्तरनं पालकांसमोर म्हटलेलं मी ऐकलं नाही. "मला माहीत नाही. उद्या सांगते."

मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर तो शून्य तुमच्या तासाचा सगळ्यात सुंदर भाग झाला असता. मला माहीत होतं. मी चप्पल सारखी करत खाली बघत बसलो. खरं तर त्याहून वाईट आहे. मला बरं वाटलं, अक्का. छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं बरं वाटलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मागं वळून बघितलं तर पोरांच्या घोळक्यात ऋषी उभा होता. तो भिंतीकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

तास गेले. लॅबमध्ये टेस्टचे पेपर आणि ओएमआर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच उत्तर घेऊन माझ्या टेबलाशी आलात, इतक्या लवकर कसं काय सापडलं याचं मला नवल वाटलं. म्हणालात, "सर, पालकांना परत बोलवू. पाच मिनिटं द्या मला, फक्त तेवढ्या शून्याचं सांगते." मी म्हणालो, आता परीक्षा आल्यात, बघू. तुम्ही थोडा वेळ उभ्या राहिलात. पुढं बोलायचं काहीतरी आहे असं वाटलं, पण ते तुम्ही नव्हे, मी बोलायचं होतं. मी पेपर तपासायला घेतले. वर्ष संपलं तेव्हा संस्थेच्या नांदेडच्या कॉलेजात बदली मागून तुम्ही गेलात. निरोपाच्या भाषणात मी तुम्हाला उपक्रमशील म्हणालो.

नंतर लोह्याच्या बसस्टँडवर आपण भेटलो. मी गावाकडून येत होतो, तुम्ही नांदेडहून शनिवारचं उदगीरला घरी निघाल्या होतात, आणि अहमदपूरकडची गाडी लागत नव्हती. "ओ सर! स्वतःच्या गावात येऊन लपून काय बसलात?" तुम्हीच हाक मारलीत. पिशवीतून केळी काढलीत. "घ्या, अर्धापूरच्या पोरीनं दिलेत. बागाईतदाराची हाय, गणितात ढ होती, आता मलाच शिकवती." नांदेडला तुम्हाला जुनी खोली आणि नवे कॉम्प्युटर मिळाले होते. तुम्ही खुशीत होतात, किंवा मला तसं दाखवत होतात. मग एकदम म्हणालात, "तुम्ही लहान घ्या म्हणालात म्हणून घेतलं, सर. न्हाईतर मी आपली तिथंच थांबले असते."

आणि माझ्याकडं बघत राहिलात.

मी म्हणालो, "मला तरी काय माहीत, असं होईल म्हणून."

"हौ का?"

एवढंच. तुम्ही दुसरं केळ सोललंत आणि अर्धं मोडून माझ्या हातावर ठेवलंत. "खावा." गाडी लागली. खिडकीतून तुम्ही हात केलात. मी केळ खाल्लं आणि मला हायसं वाटलं, की यांना काही कळलेलं नाही.

त्या दिवशी उदगीरहून परतताना एक तरुण माझ्यासोबत स्टँडपर्यंत चालत आला. नांदेडचा तुमचा विद्यार्थी, आता स्वतः शिकवतो. म्हणाला, अक्का दरवर्षी पहिल्याच तासाला ते शून्य काढून दाखवायच्या. मशीनवर विश्वास ठेवा, पण त्याला कुठं दिसत नाही ते ओळखून ठेवा, असं सांगायच्या. आणि न चुकता म्हणायच्या, "माझ्या लातूरच्या एका मित्रानं मला अजून लहान घे म्हणून सांगितलं, तवा मला हे गावलं." त्यानं मला विचारलं, "कोण होते ते सर, तुम्हाला माहीत आहे का?" मी म्हणालो, नाही.

म्हणजे तुम्हाला मातीत बसवून अजून तास झाला नव्हता आणि मी परत तेच केलं.

घरी पोचलो तर ऋषीचा फोन. तो आता पुण्याला नोकरीला आहे. त्या सभेबद्दल आम्ही बापलेक इतक्या वर्षांत एक अक्षर बोललेलो नाही. त्यानं विचारलं, "बाबा, अक्कांना सांगितलं होतं का तुम्ही?"

"काय?" मी म्हणालो. मग म्हणालो, "नाही."

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्याच दिवशी संध्याकाळी. सायकलवर त्यांच्या घरी गेलो होतो. शून्य का येतं ते सांगितलं, आणि तुम्हाला आधीपासून माहीत होतं तेही सांगितलं. मला रडू आलं. त्यांनी मला जेवायला वाढलं."

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाल्या, बाबाला काही विचारू नकोस. तो सांगेल आपणहून. तोपर्यंत थांबू आपण."

थांबू आपण. अक्का, दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी उभ्या राहिलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. लोह्याला माहीत होतं. अध्यक्षांना एक वाक्य सांगितलं असतंत तर माझी खुर्ची गेली असती, आणि तुमचे तास कदाचित राहिले असते. तुम्ही सांगितलं नाही. बापाबद्दल सांगणारा मुलगा तुम्हाला उघडा पाडायचा नव्हता, एवढं मला समजतं. पण मित्र का म्हणालात? दरवर्षी, नव्या पोरांसमोर? टोमणा होता का? टोमणा असता तर मला पेलला असता. तुम्ही खरंच तसं म्हणत असाल तर मी काय करू, सांगा.

एकाच्या आणि त्या कोसाइनच्या मधला फरक मशीनला दिसत नाही, म्हणून ते त्याला शून्य म्हणतं. पण तो असतो. त्याच्या मापाच्या वस्तूनं भागलं तर अर्धा भरतो. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, तीनच तर शब्द होते, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. कुणीही म्हणालं असतं. आता तुमच्या वाट बघण्यानं ते गुणायला गेलो तर उत्तर कागदावर मावत नाही.

तुम्ही रागावल्या असतात तर बरं झालं असतं. मी लोह्याचा माणूस, रागाला उत्तर देता येतं मला. आभार मानायचे म्हटले तर तेही जमत नाही. ऋषीला गणित तुम्ही दिलंत. माझ्या मुलाच्या नजरेतून मी पुरता उतरलो नाही, तो अजून सणाला घरी येतो, बाबा म्हणतो, तेही तुम्हीच राखलंत. त्याला वाट बघायला शिकवून.

परवा मी बारावीच्या वर्गाला जुन्या लॅबमध्ये नेलं. ओएमआरचे गठ्ठे भिंतीशी सरकवले, प्रोजेक्टरवरची धूळ झाडली. पोरं चक्रावली. "सर, टेस्ट न्हाई का आज?" म्हणालो, नाही. डोळे मिटा. बोट वर करा. कुणी लाजलं, कुणी हसलं. मी स्वतः डोळे मिटून बोट वर केलं तेव्हा तुमच्यासारखं जमत नाही हे कळलं.

मग ते गणित लावलं. ०.४९९. ०.४९९९९. तुम्ही थांबल्या होतात तिथंच मी थांबलो. माना डोलल्या. मागच्या बाकावर किल्लारीची एक मुलगी आहे, वर्गात फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "सर, अजून लहान घ्या की."

तिला कुठून माहीत असणार. तिला फक्त बघायचं होतं, पुढं काय होतं ते. असंच म्हणता येत होतं हे वाक्य, अक्का. इतकं साधं.

मी शून्यांची रांग लावली आणि एंटर दाबलं. भिंतीवर ते आलं. वर्गात आधी कुजबुज, मग हसू. "सर, गेलं की सगळं! हे कसं काय?"

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "आणि तेव्हाही माहीत होतं."

हसू थांबलं. ती किल्लारीची मुलगी उभी राहिली. "तेव्हा म्हंजे कधी, सर?"

मी प्रोजेक्टर बंद केला नाही. ते शून्य भिंतीवर तसंच राहू दिलं, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो, आणि सांगायला लागलो.